पी, व्ही, एन, आर, टी

जिन्यात उभे राहा, पण त्या लाकडी खोक्यापासून जरा लांब. साल 1661च्या आसपासचं, देश इंग्लंड. काचेची लांबलचक नळी खाली वाकवून वर वळवली आहे. ती इतकी उंच की खोलीत मावेना, म्हणून रॉबर्ट बॉइलनं ती या उजेडाच्या जिन्यात आणली. नळी दोऱ्यांनी टांगली आहे आणि तिचं वाकडं टोक खोक्यात ठेवलं आहे, कारण फुटली तर पारा वाया जायला नको. आधीची एक नळी फुटलीच होती.

आखूड बाजूचं तोंड बंद आहे. त्यात 12 इंच हवा कोंडली आहे. वर उभा असलेला माणूस लांब बाजूच्या तोंडातून पारा ओततो, अगदी थोडा थोडा. खालचा माणूस नळीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवरच्या खुणा वाचतो. तुम्हीही वाका आणि बघा. हवा दबत दबत 6 इंचांवर येते. तेव्हा तिच्यावरचा एकूण दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा आणि पाऱ्याचा मिळून, पाऱ्याच्या 58.8 इंचांएवढा भरतो. सुरुवातीला तो 29.1 होता. आणखी पारा. हवा 3 इंच, दाब 117.6.

आता गुणाकार करा. 12 गुणिले 29.1, म्हणजे 349. 6 गुणिले 58.8, म्हणजे 353. 3 गुणिले 117.6, तेही 353. हातानं ओतलेला पारा, कागदाची पट्टी, डोळ्यांनी घेतलेलं माप, आणि फरक शंभरात एकाच्या आसपास. बॉइलनं 1662 मध्ये हा तक्ता छापला, आणि मोजलेला आकडा व दाब-आकारमानाचा गुणाकार तोच राहतो या नियमानं यायला हवा तो आकडा शेजारी शेजारी ठेवले. जुळत नाही तेही लपवलं नाही. माझ्या मते रसायनशास्त्राच्या पुस्तकांतलं सर्वांत प्रामाणिक पान हेच आहे.

पी म्हणजे दाब आणि व्ही म्हणजे आकारमान तुमच्या हाती आले. पण हा गुणाकार जमला कशामुळे? जिना तेवढाच थंड राहिला आणि नळीतली हवा कुठे गळली नाही, म्हणून. टी म्हणजे तापमान आणि एन म्हणजे वायूतल्या कणांची मोजणी; ते त्या जिन्यातही होते, फक्त हलले नाहीत.

टीसाठी पॅरिसला चला. 16 सप्टेंबर 1804. फुग्याखालच्या टोपलीत जोसेफ गे-लुसाक एकटाच आहे, वय 25. सोबत तापमापक, वायुभारमापक आणि हवा काढून घेतलेली काचेची भांडी. तुम्ही टोपलीच्या कडेला घट्ट धरा, कारण हा फुगा 7,016 मीटर चढणार आहे. निघताना खाली उकाडा होता, वर तापमापक उणे 9.5 अंशांवर उतरला. घसा इतका कोरडा की त्याला पावाचा घास गिळवत नाही. तरी तो भांडी उघडून तिथली हवा भरून घेतो. खाली आणून तपासली तेव्हा ती पॅरिसच्या हवेसारखीच निघाली.

टीचा खरा हिशेब मात्र त्यानं दोन वर्षं आधीच, जमिनीवर केला होता. कोणताही वायू घ्या आणि दाब न बदलता शून्य अंशावरून 100 अंशांवर न्या. 100 भागांचे 137.5 होतात. म्हणजे दर अंशाला शून्यावरच्या आकारमानाचा साधारण 267वा भाग. पुढे अधिक काटेकोर मोजमापानं 267चे 273 झाले. सेल्सिअसमध्ये तुम्ही मिळवता ते 273 इथूनच आलं आहे. चार्ल्स नावाच्या गृहस्थांनी हे सुमारे 15 वर्षं आधी पाहिलं होतं, पण छापलं नव्हतं. गे-लुसाकनं आपल्या निबंधात त्यांचं नाव घेतलं. म्हणून आपल्या पुस्तकात आज चार्ल्सचा नियम आहे.

1834 मध्ये क्लापेरॉन या फ्रेंच अभियंत्यानं दोन्ही नियम एका ओळीत बसवले: दाब गुणिले आकारमान बरोबर आर गुणिले (267 अधिक तापमान). पण हा आर वायूगणिक आणि वजनागणिक बदलणारा. अजून एन नव्हता, आणि तोच सर्वांत अवघड निघाला.

कारण कण मोजायला अणूंची वजनं ठरायला हवी होती, आणि त्यावर सगळ्यांची संमती लागत होती. 3 सप्टेंबर 1860, जर्मनीतलं कार्ल्सरूह. विधिमंडळाच्या सभागृहात युरोपभरातले सव्वाशेच्या वर रसायनशास्त्रज्ञ जमले आहेत. मागच्या बाकावर बसा. भांडण समजून घ्यायला 18 ग्रॅम पाणी पुरे. कुणी ऑक्सिजनचा अणुभारांक 8 धरतो आणि पाण्यात हायड्रोजनचा एक अणू मानतो. कुणी 16 धरतो आणि दोन मानतो. पहिल्याच्या हिशेबानं या 18 ग्रॅममधले कण दुसऱ्याच्या दुप्पट! कार्बनचंही तसंच, 6 की 12. केकुले या रसायनशास्त्रज्ञानं पुढच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची 19 सूत्रं दाखवली होती.

वाद सोडवण्याची किल्ली 1811 पासून पडून होती. वेर्चेल्लीत शिकवणाऱ्या आवोगाद्रोनं म्हटलं होतं की दाब आणि तापमान तेच असेल, तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच असतात. पण मग ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा मानावा लागतो, आणि एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील हे तेव्हाच्या मोठ्या नावांना पटत नव्हतं. आवोगाद्रो 1856 मध्ये वारला. ही सभा त्यानं पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी सिसिलीचा 34 वर्षांचा स्तानिस्लाओ कानिझ्झारो उठतो आणि आवोगाद्रोची बाजू जीव तोडून मांडतो. मतदानानं काही ठरत नाही. लोक निघू लागतात तेव्हा त्याचा मित्र पावेझी कानिझ्झारोचीच एक पातळ पुस्तिका वाटतो. हात पुढे करा, एक प्रत तुम्हीही घ्या. सभेला आलेला रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर ती परतीच्या वाटेवर वाचणार आहे, आणि डोळ्यांवरची झापडं गळून पडल्यासारखं वाटलं असं पुढे लिहिणार आहे. सभेत 26 वर्षांचा मेंडेलीव्हही आहे. पक्के अणुभार मिळाले नसते तर 1869ची त्याची आवर्तसारणी उभी राहिली नसती. 1874 मध्ये त्यानंच क्लापेरॉनचं समीकरण असं लिहिलं की आर सगळ्या वायूंसाठी एकच झाला.

त्या पुस्तिकेत आहे काय? जिनोव्हाच्या विद्यापीठातल्या त्याच्या तासांचा गोषवारा, 1858 मध्ये छापलेला. हायड्रोजनच्या रेणूचं वजन 2 धरा. मग तेवढ्याच आकारमानाची पाण्याची वाफ 18 येते, त्यात ऑक्सिजन 16. कार्बन मोनॉक्साइड 28, त्यात ऑक्सिजन 16 आणि कार्बन 12. कार्बन डायऑक्साइड 44, त्यात ऑक्सिजन 32, कार्बन पुन्हा 12. ऑक्सिजन कधी 16च्या खाली येत नाही, कार्बन कधी 12च्या. मुलांना समजावं म्हणून एका शिक्षकानं रचलेला हा हिशेब युरोपच्या विद्वानांनाही पटला. अकरावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा. इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे, आणि पीव्ही बरोबर एनआरटी असं फळ्यावर लिहिण्याआधी या तीन वायूंची आकडेमोड मुलांकडून करून घ्यायला एक तास पुरतो.