समजून घ्या : ईमेलचं कुलूप उघडत नाहीये? बिघाड किल्लीत, कार्डात की सर्व्हरवर?

डिसेंबर २०१२. अमेरिकन गुप्तचर यंत्रणेची गुपितं हाताशी असलेल्या एडवर्ड स्नोडेनने पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना नाव न सांगता ईमेल केला. मागणी एकच होती : आधी पीजीपी बसवा, मग बोलू. ग्रीनवाल्ड यांना ते प्रकरण किचकट वाटलं आणि ते राहूनच गेलं. मग स्नोडेनने लॉरा पॉइट्रस यांना गाठलं. त्यांना पीजीपी वापरता येत होतं. दशकातली एक मोठी बातमी ग्रीनवाल्ड यांच्या हातून निसटता निसटता राहिली.

पीजीपी म्हणजे ईमेल आणि फाइल्स कुलूपबंद करण्याची पद्धत. फिल झिमरमन यांनी ती १९९१ मध्ये आणली. व्हॉट्सॲपमध्येही एन्क्रिप्शन असतं, पण तिथल्या किल्ल्या ॲपच सांभाळतं. पीजीपीत त्या तुम्ही सांभाळायच्या असतात. म्हणून काही अडलं की सगळा गोंधळही तुमच्याच गळ्यात पडतो.

आधी हे लक्षात घ्या

पीजीपीत किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली म्हणजे उघडं कुलूप. ते कुणालाही द्या, त्याने लोक तुमच्यासाठीचा मेसेज बंद करतील. तो उघडते फक्त तुमची खासगी किल्ली. ही किल्ली कॉम्प्युटरवर असते किंवा स्मार्टकार्डच्या चिपमध्ये. कीसर्व्हर म्हणजे सार्वजनिक किल्ल्यांची डिरेक्टरी.

म्हणून काहीही बिघडलं तर पहिला प्रश्न हा : अडचण कुलपाची आहे, किल्लीची आहे की डिरेक्टरीची? हे न तपासता जुनी किल्ली डिलीट करून नवी बनवू नका. जुन्या किल्लीने बंद झालेले मेल नव्या किल्लीने कधीच उघडणार नाहीत.

कीसर्व्हरवर मिळालेली किल्ली खरी असते का?

याची खात्री नाही. जुन्या कीसर्व्हरवर कुणीही कुणाच्याही नावाने किल्ली टाकू शकत असे. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाच्या बनावट किल्ल्या तिथे सापडल्या. त्यांचा आठ अक्षरी छोटा आयडीसुद्धा खऱ्या किल्लीसारखाच होता.

उपाय सोपा आहे. छोट्या आयडीवर विसंबू नका, संपूर्ण फिंगरप्रिंट जुळवा. आज वापरात असलेल्या बहुतेक किल्ल्यांचा फिंगरप्रिंट ४० अक्षरांचा असतो. तो त्या माणसाकडून फोनवर किंवा समोरासमोर विचारून घ्या. ज्या ईमेलमधून किल्ली आली, त्याच ईमेलमधला फिंगरप्रिंट बघून उपयोग नाही. भामट्याने किल्ली बदलली असेल, तर फिंगरप्रिंटही त्याचाच असणार.

किल्ली अपलोड केली, तरी सापडत का नाही?

जुने कीसर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते. तिथे एकदा गेलेलं काहीच पुसता येत नसे. जून २०१९ मध्ये कुणीतरी याचाच गैरफायदा घेतला. रॉबर्ट हॅन्सन या पीजीपीच्या जाणकाराच्या किल्लीवर जवळपास दीड लाख फालतू सह्या चिकटवल्या. ती किल्ली डाउनलोड केली की जीपीजी हे सॉफ्टवेअर अक्षरशः गारठायचं. पुढच्याच महिन्यात जीपीजीने अशा परक्या सह्या कीसर्व्हरवरून घेणं बंद केलं. त्यामुळे तुमचं जीपीजी त्याआधीचं असेल तर अपडेट कराच.

जून २०१९ मध्येच कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा नवा सर्व्हर सुरू झाला. हा सर्व्हर तुमच्या ईमेलवर पडताळणीची लिंक पाठवतो. ती क्लिक केली नाही तर किल्ली सर्व्हरवर असते, पण तुमचं नाव आणि ईमेल दिसत नाही. मग ईमेलने शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. फिंगरप्रिंटने किल्ली मिळवली तरी जीपीजी ‘यूजर आयडी नाही’ म्हणून ती नाकारू शकतं. अशा वेळी आधी स्पॅम फोल्डर बघा. लिंक बहुतेक तिथेच पडलेली असते.

किल्ली एक्स्पायर झाली, आता?

घाबरू नका. मुख्य खासगी किल्ली तुमच्याकडे असेल, तर मुदत संपल्यानंतरही ती वाढवता येते. पण वाढवलेली मुदत लोकांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. सार्वजनिक किल्ली पुन्हा अपलोड करा आणि समोरच्याला त्याच्याकडची प्रत अपडेट करायला सांगा. ‘माझ्याकडे चालतंय, त्याच्याकडे नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच सुटते.

थंडरबर्ड वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. २०२० पासून त्यात पीजीपीची सोय आहे, पण त्याचा किल्ल्यांचा जुडगा वेगळा असतो. जीपीजीत टाकलेली किल्ली थंडरबर्डमध्ये आपोआप दिसत नाही.

कार्ड लावलंय, पण ‘खासगी किल्ली नाही’ असं का येतं?

नव्या कॉम्प्युटरवर हे हमखास होतं. कार्डात खासगी किल्ली असते, पण पूर्ण सार्वजनिक किल्ली नसते. आधी सार्वजनिक किल्ली इम्पोर्ट करा, मग जीपीजीला एकदा कार्डाची स्थिती वाचायला लावा. दोघांची ओळख पटते आणि काम सुरू होतं.

कार्डच दिसत नसेल, तर दुसरं एखादं सॉफ्टवेअर रीडर अडवून बसलेलं असू शकतं. ते बंद करा, कार्ड काढून पुन्हा लावा.

पिन चुकला तर?

इथे मात्र सावध राहा. ओपनपीजीपी कार्डाचा पिन तीनदा चुकला की तो लॉक होतो. ॲडमिन पिनने तो पुन्हा सुरू करता येतो. पण ॲडमिन पिनही तीनदा चुकला, तर कार्ड रीसेट करण्यावाचून पर्याय उरत नाही आणि रीसेटमध्ये आतल्या किल्ल्या पुसल्या जातात. त्यामुळे अंदाजाने पिन टाकत बसू नका. युबीकीसारख्या उपकरणात लॉगिनचा पिन वेगळा आणि पीजीपीचा वेगळा असतो, हेही विसरू नका. कार्ड नवं असेल, तर सुरुवातीचा पिन सहसा १२३४५६ आणि ॲडमिन पिन १२३४५६७८ असतो. दोन्ही लगेच बदला.

आपल्याकडे ई-टेंडरसाठी वापरतात त्या डीएससी टोकनमध्येही अशीच चिप असते. फरक एवढाच की तिथे तुमच्या ओळखीची हमी सरकारमान्य संस्था देते. पीजीपीत ती खात्री तुमची तुम्हीच करून घ्यायची असते.

आज दहा मिनिटं काढून काय कराल?

खासगी किल्ली कार्डात हलवली की कॉम्प्युटरवर तिची फक्त खूण उरते. कार्डातून ती पुन्हा बाहेर काढता येत नाही. म्हणून हलवण्यापूर्वीच बॅकअप घ्या आणि तो पेन ड्राइव्हवर, इंटरनेटपासून दूर ठेवा.

दुसरं, रद्द-प्रमाणपत्र शोधून ठेवा. आजचं जीपीजी किल्ली बनवतानाच ते तयार करतं. किल्ली हरवली किंवा चोरीला गेली, तर ‘ही आता वापरू नका’ असं जगाला सांगायचा तोच मार्ग. ते बॅकअपपासून वेगळ्या जागी ठेवा, कारण ते ज्याच्या हाती लागेल तो तुमची किल्ली रद्द करू शकतो.

पीजीपीत ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही. कुठल्याही कंपनीकडे तुमची खासगी किल्ली नसते, म्हणूनच तुमचा मेल तिसरा कुणी वाचू शकत नाही. पण त्याच कारणामुळे, ती हरवली तर कुठलंही कस्टमर केअर तुम्हाला ती परत देऊ शकत नाही.