डोईवरचा पदर आणि देवळातलं कापड

आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) ख्रिस्ती बाई म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातली फ्रॉकवाली येते. मग पुढचं वाक्य ठरलेलं : "धर्म बाहेरचा, कपडे बाहेरचे."

राजूरहून अकोले, संगमनेर करत खाली श्रीरामपूरकडे या. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण. त्या गर्दीत मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे बघा. अंगावर लुगडं किंवा साडी, आणि प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर. त्यातल्या चौघी उद्या राजूरच्या बाजारात उभ्या राहिल्या, तर त्या कोणत्या देवाच्या हे पदरावरून कुणालाही सांगता येणार नाही.

आता हा पदर तिथे आला कसा, ते बघू.

ख्रिस्ती उपासनेत डोकं झाकायची गोष्ट जुनी आहे. पहिल्या शतकात पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं की बाईने प्रार्थना करताना डोकं झाकावं, पुरुषाने झाकू नये. त्या पत्रावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. काही म्हणतात हा कायमचा नियम, काही म्हणतात ही त्या शहरातली त्या काळची रीत. कॅथलिक चर्चने १९१७ च्या कायदेसंहितेत हे लेखीच घातलं : चर्चमध्ये पुरुषाचं डोकं उघडं, बाईचं झाकलेलं. युरोपात त्यासाठी लेसचा रुमाल आला, टोपी आली. १९८३ च्या नव्या संहितेत हा नियम राहिला नाही.

आपल्याकडच्या बाईला यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. देवापुढे, वडीलधाऱ्यांपुढे पदर घ्यायचा हे तिला आईनेच शिकवलेलं. रोमचा नियम आला काय नि गेला काय, पदर जागेवर राहिला. गंमत पुरुषांची झाली. आपल्याकडे चारचौघांत बोडक्याने जाणं अपमानाचं. पागोटं, फेटा, निदान टोपी तरी हवी. पौलाच्या हिशेबात मात्र देवापुढे पुरुषाने डोकं उघडं करायचं. म्हणजे एकाच पत्रातली अर्धी गोष्ट आपल्या घरची निघाली आणि अर्धी बरोबर उलटी.

आता धर्मगुरूंच्या कपड्यांकडे या. मिस्सेच्या वेळी वर घालतात तो झगा मुळात रोमन माणसाचा रोजचा बाहेरचा अंगरखा होता, पावसापाण्यात घालायचा. पुढे लोकांची फॅशन बदलली, वेदीवरची बदलली नाही, आणि साधा कपडा पवित्र झाला. कापडाचं सगळीकडे असंच होतं. इस्टरच्या आधी अनेक चर्चमध्ये मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री वेदीवरची वस्त्रं उतरवून ती उघडी करतात. झाकायचं आणि योग्य वेळी उघडायचं, ही भाषा अंतरपाट धरणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

मग भांडण कुठे आहे? कापड कुणी ठरवायचं, इथे आहे.

गोव्यात पोर्तुगीज सत्तेने ठरवलं. इन्क्विझिशनने १७३६ मध्ये जे फर्मान काढलं, त्यात हळदीपासून तुळशीपर्यंत कितीतरी चालीरीतींवर बंदी होती. बायकांनी चोळी घालू नये आणि पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये हेही त्यात होतं. बाप्तिस्मा झालेल्या माणसाच्या कमरेचं धोतरसुद्धा त्यांना संशयाचं वाटत होतं. "कपडे बाहेरचे" या टोमण्याला इतिहासात काही आधार असेल, तर तो हा. पण ती ख्रिस्ती माणसाची हौस नव्हती. त्याच्यावर झालेली सक्ती होती.

याच्या अगदी उलट पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पोशाख आणि जेवण आपलंच ठेवलं. तिथल्या सिस्टरांनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचा सवाल सरळ होता : लॅटिनच का? संस्कृत का नको? श्रद्धा स्वीकारली म्हणून बाकी सगळं मुकाट्याने स्वीकारायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

नंतर चर्चलाही हे पटलं. १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने मंजुरी दिली. चपला काढून खाली बसणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, रोमन झग्याऐवजी साधा अंगरखा आणि त्यावर अंगवस्त्र. यावरूनही रान उठलं. काही ख्रिस्ती म्हणाले, हे हिंदूकरण आहे. आणि दलित ख्रिस्ती विचारवंतांनी आणखी खोलवरचा प्रश्न टाकला : 'भारतीय' म्हणून तुम्ही जे आणताय ते कुणाचं? उच्चवर्णीयांचंच ना?

नगर जिल्ह्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, पुढे कॅथलिक धर्मगुरू आले, आणि इथल्या गावोगावच्या ख्रिस्ती वस्त्या प्रामुख्याने महार-मांग समाजातून उभ्या राहिल्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांना देवळातलं अंगवस्त्र आपलं का वाटावं? पदराचं तसं नाही. तो शेतात खुरपणाऱ्या बाईचाही आहे आणि वाड्यातल्या बाईचाही. तो वापरायला कुठल्या परिषदेची मंजुरी लागली नाही.

लग्नात तर बायकांनी दोन्ही बाजूंची रीत एकत्र केली. पांढऱ्या पोशाखाची फॅशन जोरात आली ती १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढरा पोशाख घातल्यावर. बायबलात तसा नियम नाही. आपल्याकडे नवरीच्या अंगावर पांढरं म्हणजे जुन्या माणसांना अपशकुन. तरी मराठी ख्रिस्ती नवरी पांढरी साडी नेसते, डोक्यावर जाळीचा व्हेल घेते. आदल्या दिवशी तिला हळद लागलेली असते, हातात चुडा असतो, आणि अनेक घरांत गळ्यात मंगळसूत्रही पडतं.

यात बाहेरचं किती आणि आतलं किती, हे वेगळं करायला बसलात तर लग्नाचं जेवण संपून जाईल.

म्हणून कपड्यावरून कुणाची निष्ठा मोजणाऱ्यांना एवढंच सांगणं. १७३६ मध्ये चोळीवरून संशय घेतला गेला. आज फ्रॉकवरून, व्हेलवरून, हिजाबवरून, टिकलीवरून घेतला जातो. माणसं बदलली, सवय तीच. बाईने डोक्यावर पदर घ्यावा की घेऊ नये, पांढरं नेसावं की हिरवं, हे तिचं तिला ठरवू द्या. हरेगावच्या त्या म्हाताऱ्यांनी कुणाला न विचारता ते कधीच ठरवून टाकलंय.

तुमच्या गावच्या चर्चमध्ये, तुमच्या घरच्या लग्नात काय रीत आहे? आजीला विचारा आणि खाली लिहा.