मांडवीतीरींची पणजी

करी रोडच्या आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचें मूळ गोमंतकांत आहे. त्यांचे वाडवडील आगबोटीनें मुंबईस आले, गांवकऱ्यांच्या कुडांतून राहिले, आणि जहाजांवर, गिरण्यांत व स्वयंपाकघरांत कष्ट करून त्यांनीं येथें संसार थाटले. ह्या महोत्सवप्रसंगीं त्यांच्या मायभूमीच्या राजधानीचा अल्प इतिहास वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

इ. स. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें जिंकलें, तेव्हां पणजी म्हणजे मांडवीकांठचा आदिलशहाचा वाडा व भोंवतालची थोडी वस्ती एवढीच होती. सारें वैभव नदीच्या वरच्या अंगास, जुन्या गोव्यांत, नांदत होतें. परंतु पुढें तेथील व्यापार ओसरला, सांथींमागून सांथी आल्या, आणि लोक तें शहर सोडूं लागले. १७५९ सालीं व्हाइसरॉयनें आपला मुक्काम पणजीच्या वाड्यांत हलविला, व १८४३ सालीं पणजी राजधानी झाली. १९६१ मध्यें गोवा मुक्त झाल्यावरहि तिचा हा मान कायम राहिला.

नदी हीच ह्या नगरीची अन्नदात्री होय. मासे, मीठ, नारळ ह्यांचा व्यवहार होड्यांनीं चाले. पुढें लोहखनिजाचे पडाव मांडवींतून मुरगांव बंदराकडे जाऊं लागले. २०१२ सालीं खाणी बंद पडल्या, तेव्हां कित्येक घरांची चूल मंदावली. आज सरकारी कचेऱ्या व प्रवाशांची वर्दळ ह्यांवर नगरीचा पुष्कळ भार आहे. नदींत जुगाराच्या नौकाहि उभ्या आहेत; तो पैसा आम्हांस शुभ वाटत नाहीं.

पाहुण्यानें फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्या, आबे फारिया ह्यांचा पुतळा, आणि रायबंदरकडे जाणारा सतराव्या शतकांतील बांध अवश्य पाहावा. टेकडीवर निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचें शुभ्र ख्रिस्तमंदिर आहे. १५४१ सालीं तेथें लहान प्रार्थनामंदिर होतें. १६१९ मध्यें तें नव्यानें बांधलें गेलें. तेथील थोरली घंटा मूळची जुन्या गोव्यांतील ऑगस्टिनियन मठाची. १८३५ सालीं मठवासी संघ बरखास्त झाले, मठ ओस पडला. परंतु घंटा मुकी राहिली नाहीं. १८७१ पासून ती पणजीच्या भाविकांस प्रार्थनेस बोलावीत आहे.

१९८२ च्या संपानंतर आमच्या गिरण्यांचे भोंगेहि एकामागून एक थांबले. चाळींच्या जागीं मनोरे उठले, आणि कित्येक कुटुंबें वसई, विरार, कल्याणकडे पांगलीं. जुन्या गोव्यांत भव्य ख्रिस्तमंदिरें उरलीं, पण भोंवतालचें नगर नाहींसें झालें. तशी पाळी आपणांवर येऊं नये असें वाटत असेल तर इमारतीच्या डागडुजीबरोबरच पांगलेल्या कुटुंबांचा शोध आपण घेतला पाहिजे. जे गेले त्यांनीं घरची संध्याकाळची प्रार्थना सोडूं नये. जे राहिले त्यांनीं नव्या शेजाऱ्याचें दार ठोठावावें. ह्या महोत्सवाचें खरें कार्य हेंच, असें आम्ही समजतों.