सावळ्या त्वचेला कॅन्सर होत नाही? बॉब मार्लेच्या अंगठ्यावरचा डाग काय सांगतो

रेगे गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असा समज झाला. १९७७ मध्ये तो मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. अंगठा कापायला मार्लेने नकार दिला. ११ मे १९८१ रोजी त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता.

सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन उन्हापासून बरंच संरक्षण देतं, त्यामुळे मेलानोमा आपल्याकडे कमी आढळतो हे खरंच. पण मार्लेला झालेला प्रकार उन्हावर फारसा अवलंबून नसतो. तो तळहात, तळपाय आणि नखांखाली होतो. तळपाय रोज कोण बघतं? दिसलाच डाग, तर कुरूप किंवा चामखीळ समजून कॉर्न कॅप लावली जाते आणि महिने निघून जातात.

नखाचं प्रकरण आणखी फसवं आहे. ठेच लागून साकळलेलं रक्त नख वाढतं तसं पुढे सरकतं. मेलानोमाची काळी पट्टी मात्र मुळापासून तशीच राहते. अर्थात, सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर अशा बारीक पट्ट्या असतातच आणि त्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, त्यामुळे लगेच घाबरू नका. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी पट्टी किंवा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरलेला काळेपणा दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. रंग त्यांच्यामधल्या खाचांत असेल तर तो सहसा साधा तीळ असतो. उंचवट्यांवर असेल तर संशय बळावतो.

चेहऱ्यावरची काळी, चकचकीत गाठ हा वेगळा प्रकार असू शकतो: बेसल सेल कार्सिनोमा. गोऱ्या त्वचेवर तो बहुधा गुलाबी दिसतो, सावळ्या त्वचेवर अनेकदा काळा, म्हणून तीळ समजला जातो. तो सावकाश वाढतो आणि क्वचितच शरीरात पसरतो.

पक्कं निदान बायोप्सीनेच होतं. पट्टीचा रंग नखाच्या मुळाशी तयार होतो, त्यामुळे तुकडा तिथूनच घ्यावा लागतो. नुसतं नख कापून भागत नाही. बायोप्सी केल्याने मेलानोमा पसरतो, ही भीती निराधार आहे.