लातूर येथील एक ग्वातेमाली नाणें व स्थलनोंदीचा प्रश्न

गेल्या मार्गशीर्षांत लातूर येथील एका स्नेह्यांच्या घरीं जुनें दफ्तर पाहण्याचा योग आला. कागदांत विशेष कांहीं निघालें नाहीं; परंतु रुमालाच्या गांठींत बांधलेलें चांदीचें एक नाणें हातीं आलें. एका अंगास समुद्राच्या लाटांवर, मुकुटाखालीं, दोन भूगोल व त्यांच्या दोहों बाजूंस एकेक स्तंभ. दुसऱ्या अंगास स्पेनच्या राजाची ढाल. टांकसाळीची खूण म्हणून रोमन लिपींतील 'जी' हें अक्षर आहे. सालाचे आंकडे झिजून गेले आहेत, व माथ्यावर सोनारानें डाख देऊन कडी बसविली आहे. हें मध्य अमेरिकेंतील ग्वातेमालाच्या टांकसाळीचें आठ रेआलांचें नाणें होय, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. ती टांकसाळ इ. स. १७३३ मध्यें चालूं झाली. १७७३ च्या भूकंपानें तें नगर उद्ध्वस्त झाल्यावर राजधानी हलली, व पुढील नाण्यांवर 'एन्' आणि 'जी' अशीं दोन अक्षरें येऊं लागलीं. स्तंभछापावरून व एकाक्षरी खुणेवरून आमचें नाणें अठराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणांतलें, म्हणजे उदगीरची लढाई (१७६०) झाली त्या सुमाराचें ठरतें.

तें लातुरास कसें आलें? अशा नाण्याचें पुरें वजन सुमारें २७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित् अधिक. युरोपीय कंपन्या आपल्या देशांतील कापड विकत घेत, त्याचा मोबदला बहुतांशीं अमेरिकेच्या चांदीनें देत. ती सुरतेसारख्या बंदरीं उतरे व टांकसाळींत आटवून तिचे रुपये पाडले जात. आपल्या पणजोबांच्या थैलींतील रुपयांत मेक्सिको व पोतोसी येथील खाणींची चांदी असावी, ही कल्पना नव्हे, साधा व्यवहार आहे. जें नाणें मुशींतून सुटलें तें दागिना होऊनच सुटलें. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आमच्या स्त्रियांची पुतळ्यांची माळ झाली, तशीच ही कडी. मात्र स्नेह्यांस अधिक विचारतां "आजोबांनीं सोनाराकडून घेतलें" एवढेंच उत्तर मिळालें. कोणत्या पेठेंतल्या, कोणत्या सालीं, एकटें कीं इतर नाण्यांसह, यांपैकीं कशाचाहि पत्ता नाहीं. म्हणून नाणें ओळखतां आलें तरी लातूरच्या व्यापाराविषयीं त्यावरून एक वाक्यहि खात्रीनें लिहितां येत नाहीं.

हेंच दुःख तेरच्या वस्तूंविषयीं आहे, व तें मोठें आहे. धाराशिव जिल्ह्यांतील तेरणाकांठचें तेर म्हणजे प्राचीन तगर, हें फ्लीटनें १९०१ मध्यें दाखविलें. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलें असून, तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचेस जाई असें म्हटलें आहे. रोमचीं सोन्याचांदीचीं नाणीं भडोचेस नफ्यानें बदललीं जात, असेंहि तोच ग्रंथकार सांगतो. त्या नाण्यांच्या छापावरून केलेल्या मातीच्या चकत्या तेरास सांपडल्या आहेत. गोरोबाकाकांच्या गांवीं मातीनें सोन्याचें काम केलें यांत नवल तें काय!

तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं शेतांतून, पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. आज त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय तेथें आहे. तो संग्रह गांवांतच राहिला, हा त्यांचा उपकार लहान नव्हे; नाहीं तर त्या वस्तू कोठल्या कोठें गेल्या असत्या. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें पाँपेई येथें १९३८ मध्यें निघालेल्या मूर्तीशीं साम्य सर्वश्रुत आहे. पाँपेईची मूर्ति इ. स. ७९ च्या राखेखालीं, एका ठाऊक घरांत सांपडली, म्हणून तिच्या काळाची खालची मर्यादा ठरली. आणि तेरच्या मूर्तीचा काळ ठरवितांना त्या परदेशस्थ मूर्तीचाच आधार शोधावा लागतो. मूर्ति आपली, साक्ष मात्र इटलीच्या राखेची.

एकत्र सांपडलेला निधि काय करूं शकतो याचें उदाहरण वऱ्हाडांत आहे. तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळा येथें १९३९ मध्यें सातवाहनांचीं सुमारें सोळाशें पोटीन नाणीं सांपडलीं. म. म. मिराशी यांनीं तीं वाचलीं तेव्हां कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णि पुढें आले; पुराणांच्या वंशावळींत त्यांचीं नांवें नाहींत. आम्हीं उभा जन्म संस्कृताच्या अध्यापनांत घालविला व पुराणपाठांवर आमचा लोभ आहे, तरी येथें पोथीनें मडक्यापुढें हार मानिली हें कबूल केलें पाहिजे. नाशिकजवळील जोगळटेंभीच्या निधीचें (१९०६) तसेंच. तेरा हजारांहून अधिक नाणीं नहपानाचीं, व त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिकांवर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हां मारलेला. सुटें एक नाणें पाहून क्षहरातांच्या पराभवाची ही व्याप्ति कोणास उमगली असती?

ज्या ग्वातेमालापासून आम्हीं आरंभ केला तेथेंहि हाच धडा मिळतो. तेथील प्राचीन माया लोकांस धातूचें नाणें नव्हतें. कोकोच्या बिया चलनासारख्या चालत. (आपल्याकडे कवड्या, व गुजराथेंत एके काळीं कडू बदाम चालत, तसाच हा प्रकार.) त्यांच्या शिलास्तंभांवरील लेख देवतांविषयींच आहेत असा समज होता. १९६० मध्यें तात्याना प्रोस्कुर्याकोव्ह या विदुषीनें पिएद्रास नेग्रास येथील स्तंभ कोणत्या इमारतीपुढें कोणत्या गटांत उभे आहेत हें पाहिलें, व प्रत्येक गटांतील तिथि एका मानवी आयुष्यांत मावतात असें दाखविलें. स्तंभ राजांचे निघाले. तेच स्तंभ करवतीनें कापून बाजारांत गेले असते तर हा निष्कर्ष निघालाच नसता. माचाकिला येथील असाच एक तुकडे केलेला स्तंभ अमेरिकेंत विकावयास गेला. परंतु इयन ग्रॅहम यांनीं तो पूर्वींच जागेवर नोंदविला असल्यामुळें ओळखला गेला, आणि चोरांची शिक्षा १९७४ मध्यें अपिलांतहि कायम झाली. एका नोंदीनें एवढें केलें.

आतां आमची स्वतःची कथा सांगणें प्राप्त आहे. नांदेडास शाळेंत असतांना खेड्यांतून येणारीं मुलें पावसाळ्यानंतर उघडीं पडलेलीं नाणीं आणून देत. मोबदल्यांत आम्ही पेन्सिली देत असूं. सोंड वर केलेला हत्ती व पाठीमागें उज्जयिनीचिन्ह दिसलें कीं आमचा आनंद गगनांत मावत नसे. तीं चिंच व राख लावून आम्हींच घांसलीं, आणि तेर, कंधार, औसा, जेथलीं असतील तेथलीं, एकाच बिस्किटांच्या डब्यांत टाकलीं. सेवानिवृत्तीनंतर डबा उघडला तेव्हां अक्षरें पुष्कळांचीं गेलेलीं, गांवें सर्वांचींच गेलेलीं! त्या मुलांपैकीं तिघे भेटले. एकानें शेत दाखविलें. उरलेल्या दोघांस पेन्सिल तेवढी आठवत होती.

संग्राहक बंधूंस विनंति अशी कीं, नाणें हातीं येतांच धुऊं नये. गांव, शेत, खोली, भांडें, बरोबरच्या वस्तू व आणणाराचें म्हणणें त्याच दिवशीं कागदावर उतरून घ्यावें. दहा रुपयांवरील निखातनिधि असल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें. तें टाळण्यासाठीं सोनाराची वाट धरूं नये. वरील ग्वातेमाली नाण्याचा ठसा आम्हीं घेतला आहे. लातूर, नांदेड वा उदगीर येथें असें स्तंभछाप नाणें कोणाच्या घरीं असल्यास त्याचा ठसा, वजन व कडी असल्यास तिची जागा मंडळाकडे कळवावी. आणि तें घरीं कसें आलें याविषयीं वृद्ध मंडळींस आजच विचारून ठेवावें.