उद्यान-कामांची निविदा पद्धती (नगर पंचायत क्षेत्र)

सार्वजनिक बागा, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा उभारणे, त्यांची देखभाल करणे किंवा त्या चालवायला देणे यांसाठी नागरी स्थानिक संस्था कंत्राटदाराची निवड खुल्या स्पर्धेतून करतात. त्या निवडीच्या नियमबद्ध रीतीस उद्यान-कामांची निविदा पद्धती म्हणतात. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर हे मिरचीसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव आहे. अशा छोट्या शहरात हे काम नगर पंचायतीकडे असते.

याउलट अमेरिकेच्या इलिनॉयसारख्या राज्यांत बागांसाठी स्वतंत्र ‘पार्क डिस्ट्रिक्ट’ असतात. त्यांना स्वतःचे निर्वाचित मंडळ आणि करवसुलीचा हक्क असतो. ठरावीक रकमेवरील काम जाहिरात देऊन सर्वांत कमी दराच्या जबाबदार बोलीदाराला देण्याचे बंधनही त्यांच्यावर असते. महाराष्ट्रात केवळ बागांसाठी अशी कर आकारणारी संस्था नाही. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने शहरात बागा उभारल्या, पण त्याचे क्षेत्र नागपूरपुरते आणि काम नगरविकासाचे. त्यामुळे भिवापूरसारख्या ठिकाणी बागेचे कंत्राट रस्ता, नाली आणि पथदिवे यांच्या कंत्राटांच्याच नियमांत बसवले जाते.

कायदेशीर आधार : राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील बारावी नोंद बागा, उद्याने व क्रीडांगणे यांची आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर मोठ्या गावाचे शहरात रूपांतर होण्याच्या टप्प्यासाठी नगर पंचायत ही संस्था आली. तिचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ नुसार चालतो. या अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये पाणी, दिवाबत्ती, सफाई ही आवश्यक कर्तव्ये आहेत, तर उद्यान हे ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. साहजिकच स्वनिधीतून बागेच्या वाट्याला थोडेच येते. बहुतेक कामे राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती किंवा वित्त आयोग यांच्या निधीवर अवलंबून असतात आणि निधीबरोबर त्या-त्या योजनेच्या अटीही येतात. जागा पुष्कळदा लेआउटमधील (अभिन्यासातील) ‘ओपन स्पेस’ची असते. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती नगर पंचायतीच्या ताब्यात आहे की नाही, याची खात्री निविदा काढण्याआधीच करावी लागते.

कामांचे प्रकार : बागेच्या एकाच नावाखाली तीन वेगवेगळे व्यवहार येतात. कुंपणभिंत, पायवाटा, बोअरवेल, दिवे हे बांधकाम. त्याचे अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून तयार होते. व्यायामाचे साहित्य, झोपाळे, घसरगुंड्या ही खरेदी. तिला उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी काढलेली खरेदी कार्यपद्धतीची नियमपुस्तिका लागू होते. २०१७ पासून राज्याने स्वीकारलेले ‘जेम’ हे केंद्राचे खरेदी संकेतस्थळही यासाठी वापरले जाते. तिसरा प्रकार देखभालीच्या सेवेचा. माळी, पाणी, छाटणी, राखण यांचा हा खर्च दरवर्षी येतो. याशिवाय बाग प्रवेश शुल्क आकारून चालवायला दिली तर स्पर्धा उलट्या दिशेने होते. सर्वांत कमी दर मागणारा नव्हे, तर संस्थेला सर्वांत जास्त रक्कम देणारा निवडला जातो. अशा वेळी १९६५ च्या अधिनियमाचे स्थावर मालमत्तेविषयीचे कलम ९२ आड येते. नगर पंचायत आपल्या अधिकारात मोजक्या वर्षांचाच भाडेपट्टा देऊ शकते आणि त्यापुढे वरिष्ठांची परवानगी लागते.

प्रक्रिया : अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, करारनामा, कार्यादेश हा नेहमीचा क्रम. नोव्हेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने ३ लाख रुपयांवरील कामांना व खरेदीला ई-निविदा सक्तीची केली. पुढे काही विभागांनी ही मर्यादा कामांपुरती बदलली. मर्यादेखालील व्यवहारांत सीलबंद दरपत्रके मागवता येतात. मर्यादा चुकवण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडण्यास मनाई आहे. ‘बाग भाग १’ आणि ‘बाग भाग २’ अशी कामे एकाच महिन्यात निघाली, तर लेखापरीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेतात.

ई-निविदा राज्याच्या ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर भरली जाते आणि डिजिटल स्वाक्षरीशिवाय बोली देता येत नाही. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत पहिल्या लिफाफ्यात नोंदणी, अनुभव, उलाढाल, जीएसटी यांची कागदपत्रे आणि बयाणा रकमेचा पुरावा असतो. जे या छाननीत पात्र ठरतात, त्यांचाच दराचा लिफाफा उघडतात. पहिल्या फेरीत निदान तीन निविदा अपेक्षित असतात. त्या न आल्यास मुदतवाढ दिली जाते किंवा फेरनिविदा काढली जाते.

‘बी-१’ नमुन्यात अंदाजपत्रकीय रकमेपेक्षा किती टक्के कमी वा जास्त दराने काम करणार, एवढेच कंत्राटदार लिहितो. ठेकेदारांच्या बोलण्यात काम ‘बिलो’ किंवा ‘अबव्ह’ जाते. ‘बी-२’ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर वेगळा द्यावा लागतो. दर फारच कमी आला तर वाढीव सुरक्षा ठेव मागितली जाते, म्हणजे काम परवडले नाही म्हणून अर्ध्यात सोडणाऱ्याला झळ बसते. लहान कामांसाठी मजूर सहकारी संस्था व सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांना ३३-३३ टक्के आणि खुल्या गटाला ३४ टक्के असे वाटपाचे सूत्रही राज्यात वापरले गेले आहे. तेवढ्यापुरती स्पर्धा जाणूनबुजून मर्यादित केलेली असते.

काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि त्यावरून देयक निघते. देयकातून २ टक्के जीएसटी, आयकर आणि १ टक्का बांधकाम कामगार उपकर यांची कपात होते. सुरक्षा अनामत दोष दायित्व कालावधी (दोष दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर असण्याचा काळ) संपेपर्यंत अडकून राहते.

निष्पक्षतेचे नियम : संस्थेच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती १९६५ च्या अधिनियमाच्या कलम १६ नुसार सदस्यत्वास अपात्र ठरते. पदावर असताना असा हितसंबंध निर्माण झाला, तर पद जाऊ शकते. बोलीदारांनी आपसात दर ठरवून घेणे हा स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ चा भंग आहे. तालुक्याच्या ठिकाणी नोंदणीकृत ठेकेदार मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे असतात. त्यामुळे एकाने काम घ्यायचे आणि बाकीच्यांनी नावापुरते चढे दर भरायचे, हा धोका तिथे जास्त असतो. एखाद्याच पुरवठादाराला बसेल अशी अनुभवाची अट किंवा साहित्याचे वर्णन निविदेत घालणे हा स्पर्धा मारण्याचाच दुसरा प्रकार. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली बोलींच्या दरांचा तुलनात्मक तक्ता आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती नागरिकाला मागता येतात. नियमबाह्य ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार तहकूब करू शकतात.

न्यायालयीन भूमिका : या विषयाचा पाया मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या प्रकरणाने घातला. रमणा दयाराम शेट्टी (१९७९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सार्वजनिक संस्थेने स्वतः जाहीर केलेल्या पात्रतेच्या अटी तिच्यावरही बंधनकारक असतात. टाटा सेल्युलर (१९९४) निकालाने न्यायालये निर्णय तपासत नाहीत, निर्णयाची प्रक्रिया तपासतात, हे सूत्र स्थिर झाले. जळगाव नगरपरिषदेच्या जागेवर विकासकाने स्वतःच्या भांडवलातून व्यापारी संकुल बांधण्याच्या योजनेला आव्हान दिले गेले होते. त्या जी. बी. महाजन प्रकरणात न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. नागपूर मेट्रोच्या निविदेवरून झालेल्या अ‍ॅफकॉन्स प्रकरणात (२०१६) न्यायालय म्हणाले, की अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्या संस्थेला अधिक कळतो. तो अर्थ विपरीत किंवा दुष्ट हेतूचा नसेल, तर न्यायालयाने आपला अर्थ लादू नये. भिवापूरच्या बोलीदाराला दाद मागायची तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. परंतु आपलाच दर कमी होता, एवढे कारण तिथे पुरत नाही. अट मोडली किंवा दुजाभाव झाला, हे दाखवावे लागते.

उद्यान-कामांतील विशेष अडचणी : सर्वांत कमी दराचा निकष मोजता येणाऱ्या कामाला साजेसा आहे. भिंतीची लांबी आणि पेव्हिंग ब्लॉकचे क्षेत्रफळ मोजमाप पुस्तिकेत चढवता येते. झाड मात्र लावल्याच्या दिवशी मोजले जाते आणि मरते ते पुढच्या उन्हाळ्यात. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या दिवसांत पाण्याचा टँकर हा बागेचा मोठा खर्च असतो. निधी मार्चअखेर खर्ची टाकण्याच्या घाईत कार्यादेश निघाला, तर लागवड नेमकी उन्हाच्या तोंडावर येते. निवडणुकीच्या आचारसंहितेत नवी निविदा व कार्यादेश थांबतात, तेव्हाही पावसाळ्याचा हंगाम हुकतो. काळ्या मातीचाही विचार करावा लागतो. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि मुरूम-भरावाची बाब अंदाजपत्रकातून गाळली असेल तर पायवाटा वर्षभरात खचतात. असा अपुऱ्या बाबींचा आराखडा स्पर्धेत स्वस्त ठरतो, पण दुरुस्तीचा बोजा नगर पंचायतीवरच पडतो.

यावरचे उपाय सध्याच्या नियमांतच उपलब्ध आहेत. उभारणी आणि दोन-तीन वर्षांची देखभाल एकाच निविदेत घालता येते. लागवडीची रक्कम जगलेल्या झाडांच्या प्रमाणात हप्त्यांनी देता येते. अनामत दोन उन्हाळे उलटल्यावरच मोकळी करण्याची अट ठेवता येते आणि निविदेचे वेळापत्रक जूनमधील लागवडीपासून मागे मोजून आखता येते. मात्र या अटी निविदा प्रसिद्ध होण्याआधीच कागदावर याव्या लागतात. दर उघडल्यानंतर अटी बदलणे हा इतर बोलीदारांवर अन्याय ठरतो आणि त्याच कारणावरून सारी प्रक्रिया रद्द होऊ शकते. म्हणून बाग टिकणार की नाही, हे बोलीच्या दरापेक्षा अंदाजपत्रक व अटींचा मसुदा लिहिताना अधिक ठरते. सदस्यांनी आणि नागरिकांनी हरकती-सूचना मांडायच्या त्याही याच टप्प्यावर.