वस्तूंची मोजदाद : कोल्हापूरच्या संग्रहालयाच्या निमित्तानें

संग्रहालय म्हटलें कीं कांचेचीं कपाटें, त्यांतील मूर्ति व शस्त्रें आणि त्यांच्यापुढें ठेवलेल्या चिठ्ठ्या डोळ्यांपुढें येतात. परंतु संग्रहालयांतील एक अत्यंत मोलाची वस्तु प्रेक्षकांस सहसा दिसत नाहीं. ती कचेरींतील फडताळांत असते. तिला आवकवही म्हणतां येईल. ही वही नीट लिहिली गेली असेल तर संग्रह बोलका राहतो. ती अपुरी राहिली किंवा हरवली तर मूर्ति आणि नाणीं जागच्या जागीं असूनहि मुकीं होतात.

सामानाची मोजदाद महाराष्ट्राला नवी नाहीं. मराठ्यांच्या गडांवर हवालदार व सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे, आणि कोठारांतील धान्य, दारूगोळा व इतर सामान यांचा हिशेब त्याच्याकडे असे. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत गडावरील पाणी, दारूखाना व सामान यांच्या राखणीविषयीं बारकाईच्या सूचना आहेत. पण कारखानिसाच्या हिशेबाचा प्रश्न एवढाच असे कीं, काय आहे व किती आहे. संग्रहालयाच्या मोजदादीला याच्यापुढें जावें लागतें. ही वस्तु कोठें सांपडली, कोणत्या थरांत सांपडली, तिच्या शेजारीं काय होतें आणि ती येथें कोणाच्या हातून आली, या प्रश्नांचीं उत्तरें वस्तूच्या अंगावर लिहिलेलीं नसतात. तीं कोणीतरी त्याच वेळीं कागदावर उतरून ठेवावीं लागतात.

याचें उत्तम उदाहरण कोल्हापुरांत मिळतें. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक कुंदणगार यांच्या नांवानें ओळखला जाणारा पंचरसी व तांब्याच्या वस्तूंचा मोठा निधि येथेंच मिळाला. त्यानंतर १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं या टेकडीचें शास्त्रीय उत्खनन केलें. १९४६ सालींच कोल्हापुरांत संग्रहालयाची स्थापना झाली. पुढें तें टाउन हॉलच्या इमारतींत आलें. ही इमारत १८७२ ते १८७६ या काळांत बांधलेली आहे.

कुंदणगार निधींतील सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे पोसायडन या ग्रीक सागरदेवाची पंचरसी मूर्ति. ती वीतभरहि उंच नाहीं. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे असलेल्या एका नगरींत पाश्चात्य सागरदेव कसा आला, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. मूर्तीकडे कितीहि वेळ पाहिलें तरी त्याचें उत्तर मिळणार नाहीं. तीच मूर्ति एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानांत आढळली असती तर एक सुरेख जुनी वस्तु, एवढीच तिची किंमत झाली असती. ती ब्रह्मपुरीस मिळाली, तिच्याबरोबर आरसा, भांडीं व इतर पुष्कळ वस्तु मिळाल्या, आणि त्याच टेकडीवर सातवाहनकाळची वस्ती होती, हें ठाऊक असल्यामुळेंच ती प्राचीन सागरी व्यापाराची साक्षीदार ठरली.

या ठिकाणीं दोन प्रकारच्या नोंदींतला फरक स्पष्ट होतो. सांकलिया व दीक्षित यांच्या उत्खननांत प्रत्येक थर निराळा धरला गेला. कोणतें नाणें, कोणतें खापर व कोणती वीट कोणत्या खोलीवर मिळाली हें लिहिलें गेलें, आणि १९५२ सालीं त्याचा वृत्तांत छापून निघाला. सातवाहन काळापासून बहमनी काळापर्यंतच्या वस्तीच्या खुणा त्यामुळें एकमेकींपासून वेगळ्या करतां आल्या. एकदम हातीं आलेल्या निधीला अशी थरवार जन्मपत्रिका नसते. त्याचें वय शेजारच्या पुराव्यावरून ताडावें लागतें. तरीहि तो निधि निधि म्हणून ओळखतां आला, हीच मोठी गोष्ट. १९६० सालीं कार्ल खंडालावाला यांनीं त्यांतील वस्तूंची पुन्हा छाननी केली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत रिचर्ड डी प्यूमा या अमेरिकन अभ्यासकानें त्यांतील थोड्याच वस्तु रोमन जगांतून आलेल्या व बाकीच्या इकडील कारागिरीच्या, असा निवाडा दिला. वस्तु मिळाल्यावर जवळजवळ अर्धशतकानें हें मत बदलूं शकलें, कारण कोणत्या वस्तु एकत्र मिळाल्या याची ओळख पुसली गेली नव्हती.

कायद्यानेंहि हें तत्त्व फार पूर्वीं ओळखलें होतें. ब्रिटिश हिंदुस्थानांतील १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास सांपडणाऱ्यानें कलेक्टरास लेखी कळवावयाचें असे. ठेवा कसला व अंदाजें किती किंमतीचा, तो कोठें मिळाला आणि कोणत्या तारखेस मिळाला, हें त्यांत लिहावें लागे. काय, कोठें आणि केव्हां हे आवकवहींतील पहिले तीन रकानेच होत.

छोट्या संग्रहालयांत ही मोजदाद प्रत्यक्षांत कशी होते? वस्तु आली कीं प्रथम तिला आवकवहींत एक क्रमांक मिळतो. एकदां दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूस पुन्हा द्यावयाचा नाहीं, हा पहिला नियम. वही बांधीव असावी, पानें आंकडे घातलेलीं असावीं, खाडाखोड न करतां चूक एका रेघेनें छेदून तेथें सही करावी. मग वस्तूचें माप, वजन, द्रव्य, वर्णन, मिळाल्याची जागा, देणाऱ्याचें नांव व आजची स्थिति लिहावयाची. क्रमांक वस्तूवरहि घालावा लागतो, पण तिला इजा न होतां. दगडावर किंवा खापरावर आधीं लाखेसारख्या काढतां येण्याजोग्या लेपाचा थर देऊन त्यावर लिहितात. वस्त्रास लहानशी फीत टांचतात. जुन्या कागदावर मऊ शिसपेन्सिलीनें लिहितात. नाण्यावर कांहींच लिहीत नाहींत. क्रमांक त्याच्या पाकिटावर असतो. याखेरीज वस्तूचें छायाचित्र आणि तिच्या जागेची वेगळी नोंद लागते. एखादी वस्तु प्रदर्शनास किंवा दुरुस्तीस गेली तर ती कोठें गेली व केव्हां परतली, हें त्या नोंदीवरून समजतें.

हें सर्व सोपें वाटतें. पण छोट्या संग्रहालयांत तें मागें पडतें. मनुष्यबळ थोडें असतें, आणि दालन सजविणें हें वही लिहिण्याहून लवकर नजरेंत भरतें. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या मार्कहॅम व हारग्रीव्ह्ज यांच्या पाहणींत हिंदुस्थानांतील अवघ्या १०५ संग्रहालयांचा हिशेब मांडला होता. त्यानंतर संग्रहालयें वाढलीं, पण मोजदादीची शिस्त त्या मानानें वाढली नाहीं. १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तूंच्या नोंदणीची तरतूद झाली व १९७६ पासून ती अंमलांत आली. तरीहि २०१३ सालच्या अहवालांत भारताच्या महालेखापरीक्षकांना मोठ्या सरकारी संग्रहालयांतहि नियमित प्रत्यक्ष पडताळणीचा अभाव दाखवावा लागला. थोरल्या घरची ही स्थिति, तर धाकट्यांविषयीं काय सांगावें !

पडताळणी म्हणजे वही हातीं घेऊन वस्तूपर्यंत जाणें, आणि वस्तु हातीं घेऊन वहीपर्यंत येणें. पहिल्यानें काय नाहींसें झालें तें कळतें. दुसऱ्यानें काय कधीं लिहिलेंच गेलें नव्हतें तें कळतें. दोन्ही केल्याखेरीज मोजदाद पुरी होत नाहीं. चोरीस गेलेली मूर्ति परदेशांत आढळली तरी ती आपली असल्याचें सिद्ध करावयास जुनें छायाचित्र, माप आणि नोंदीची तारीख लागते. ज्या मूर्तीची नोंदच नाहीं तिच्यावर हक्क सांगणें अत्यंत अवघड होतें.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. पुढें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. राजसत्ता बदलली, खातीं बदललीं, अधिकारीहि बदलले. अशा प्रत्येक स्थित्यंतरांत जुना कारभारी जें ठाऊक असेल तें बरोबर घेऊन जातो, आणि मागें उरतें तें केवळ लिहिलेलें. गांवोगांवच्या लहान संग्रहांचें भवितव्य यावरच अवलंबून आहे. ज्या घरांतून एखादें दानपत्र, दौलतबंकी किंवा जुनें भांडें संग्रहालयास दिलें जातें, त्या घरानें वस्तूबरोबर तिची हकीकतहि लिहून द्यावी आणि दिलेल्या वस्तूचा क्रमांक मागून घ्यावा. वस्तु देणें हें अर्धें दान. तिची हकीकत दिल्यानें तें पूर्ण होतें.